दिवाळी अंक सावकाश वाचण्याची रीत

परतीचा पाऊस थांबला, सकाळी अंगणात प्राजक्ताचा सडा दिसू लागला आणि दुपारचे ऊन चटका देऊ लागले, की नवे अंक घरात आणण्याआधी जुनी पुस्तके कपाटाबाहेर काढावीत. चार महिन्यांची दमट हवा पानांत मुरलेली असते, आणि त्यांच्या शेजारी नवा कोरा अंक ठेवला तर महिन्याभरात त्यालाही तोच कुबट वास लागतो. पुस्तके थेट उन्हात मात्र ठेवू नयेत, कारण त्याने पाने पिवळी पडतात आणि बांधणीचा गोंद तडकतो. वारा खेळत्या सावलीत ती अर्धवट उघडून उभी करावीत, बुरशीचे ठिपके कोरड्या फडक्याने पुसावेत आणि कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा, म्हणजे कसर फिरकत नाही.

शरद ऋतू म्हणजे आश्विन आणि कार्तिक. मराठी घरांत याच दोन महिन्यांत दिवाळी अंक येतात, आणि १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. तरीही बहुतेक घरांत अंक भाऊबीजेपर्यंत चाळले जातात आणि तुळशीचे लग्न होईपर्यंत टीपॉयच्या खालच्या कप्प्यात जातात. दोनशे-अडीचशे पानांचा ऐवज चार दिवसांत, तोही पाहुण्यांच्या गर्दीत, वाचून होत नाही. म्हणून अंक दिवाळीचे असले तरी ते दिवाळीत संपवायचे नाहीत, हे आधीच ठरवावे.

निवड करताना मुखपृष्ठाला भुलू नये. दुकानात उभ्या उभ्या अनुक्रमणिका वाचावी, आणि त्यातही दीर्घलेख आणि दीर्घकथा कोणाच्या आहेत ते पाहावे, कारण तेवढा मजकूर लेखकाकडून मिळवण्यासाठी संपादकाला वर्षभर पाठपुरावा करावा लागतो आणि अंकाची खरी मेहनत तिथेच दिसते. एकाच विषयाला वाहिलेले अंक विशेष लक्ष देऊन पाहावेत. ते चांगले असतात तेव्हा पुस्तकाइतके टिकतात, आणि फसतात तेव्हा मात्र एकच लेख वीस जणांकडून लिहून घेतल्यासारखे वाटतात. वार्षिक राशिभविष्याने किती पाने अडवली आहेत, हेही मोजून पाहायला हरकत नाही.

चार अंक पुरेत, पण ते एकाच जातीचे नसावेत. कथा-कवितांसाठी ‘मौज’सारखा एक, विनोदासाठी खिडकीचित्रांची, म्हणजे पानातली कापलेली खिडकी उघडून पाहायच्या चित्रांची, ख्याती असलेला ‘आवाज’, रहस्यकथांची आवड असल्यास ‘धनंजय’, आणि घरात मूल असो वा नसो, बालभारतीचा ‘किशोर’, अशी निवड करता येते. चार अंकांचा खर्च जड वाटत असेल, तर गावातल्या वाचनालयात चौकशी करावी. अनेक वाचनालये ठरावीक वर्गणी घेऊन दिवाळीनंतर काही आठवडे अंक आळीपाळीने घरी देतात. त्याहून आनंदाचा उपाय म्हणजे शेजारची चार-पाच घरे मिळून प्रत्येकाने दोन वेगवेगळे अंक घ्यावेत आणि दर पंधरवड्याला ते बदलावेत. फक्त पहिल्या पानावर पेन्सिलीने नाव घालण्यास संकोच करू नये.

वाचनाची वेळ पंचांगावरही अवलंबून असते. अधिक मास आलेल्या वर्षी दिवाळी बहुधा नोव्हेंबरात जाते आणि तोवर हवा सुखद झालेली असते. पण दिवाळी ऑक्टोबरात आली तर दुपारी उकाड्याने डोळे मिटू लागतात, आणि झोपेत छातीवर पडलेल्या अंकाला वाचन म्हणता येत नाही. अशा वर्षी अभ्यंगस्नानानंतरची, घर अजून जागे व्हायची पहाट धरावी. पहिल्या दिवशी फक्त व्यंगचित्रे आणि संपादकीय वाचावे. दीर्घकथा एका बैठकीत संपेल एवढा वेळ असेल तेव्हाच उघडावी; निम्म्यावर सोडलेली कथा आठवड्याने पुन्हा हाती घेतली की पात्रांची नावेही आठवत नाहीत. दीर्घलेख दोन-तीन दिवसांत विभागून वाचला तरी चालतो, उलट तसा तो अधिक मुरतो. कविता मात्र एका वेळी दोनच वाचाव्यात, कारण अंकाच्या शेवटी त्या ओळीने छापलेल्या असतात आणि सलग वाचल्या की सगळ्या एकाच कवीच्या वाटू लागतात.

फराळ आणि अंक एकत्र हवेच असतील, तर शंकरपाळे त्यातल्या त्यात निरुपद्रवी. चकलीच्या तेलाचा डाग पानाच्या पलीकडे उमटतो, आणि चिवड्यातली शेव बांधणीच्या घडीत शिरली की तिच्यामागोमाग मुंग्या येतात.

मार्गशीर्षापर्यंत चारही अंक वाचून झाले, की त्यांतला एक कायमचा ठेवावा आणि बाकीचे पुढे द्यावेत. ठेवलेल्या अंकाच्या मलपृष्ठाच्या आत, पुन्हा वाचावेसे वाटले त्या लेखांचे पृष्ठक्रमांक लिहून ठेवावेत, नाहीतर पुढच्या शरदात कपाट काढताना तो का ठेवला होता हे आठवत नाही. आणि पौषात रद्दीच्या दुकानात एक फेरी मारावी: ज्यांनी अंक चाळून बाजूला ठेवले, त्यांचे गठ्ठे तोवर तिथे पोहोचलेले असतात, आणि तुमच्या यादीतून पैशांपायी गळालेला पाचवा अंक त्यात किरकोळ किमतीला सापडू शकतो.