जुनी सोतेर्न चाखताना: वाईनच्या अभ्यासाला नव्याने लागलेल्यांसाठी

वाईनचा अभ्यास नुकताच सुरू केलेली मुलं गोड वाईनला फारशी किंमत देत नाहीत. हॉटेल मॅनेजमेंट करून आलेले असोत की नाशिकच्या एखाद्या टेस्टिंग रूममध्ये उमेदवारी करणारे, सगळ्यांना बरगंडी नाहीतर बारोलो अशा नावाजलेल्या वाईनबद्दल बोलायचं असतं. गोड ग्लास रांगेत शेवटी येतो. तोवर जीभ थकलेली असते, मग वहीत "मध, गोड, छान" एवढं लिहून पान उलटलं जातं. मी शिकत होतो तेव्हा हे चालायचं आणि आता मी शिकवतो तेव्हाही चालतं. माझं मत मात्र उलट आहे. चाखणारा किती तयार झालाय हे बघायचं तर त्याच्यापुढे वीस-तीस वर्षं मुरलेली सोतेर्न, म्हणजे फ्रान्सची गोड पांढरी वाईन, ठेवावी. गोडी सगळ्यांनाच कळते. ती गोडी कशाच्या आधारावर उभी आहे हे सांगता आलं पाहिजे.

आधी ती बनते कशी ते थोडक्यात. फ्रान्समध्ये बोर्दोच्या आग्नेयेला सोतेर्न, बार्साक, बोम, फार्ग आणि प्रेन्याक ही पाच गावं आहेत. झाडीतून वाहत येणारं सिरॉ नदीचं थंड पाणी तिथे गारोनच्या जरा उबदार पाण्याला मिळतं आणि शरद ऋतूत सकाळी धुकं दाटतं. त्या ओलाव्यात द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते, दुपारच्या उन्हात ती आटोक्यात राहते. बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, आतलं पाणी उडून जातं आणि साखर, आंबटपणा, वास सगळंच आटून दाट होतं. एका घडातले सगळे मणी एकाच वेळी तयार होत नाहीत, म्हणून तोडणीवाले त्याच वेलीपाशी पुन्हा पुन्हा येतात. शातो द'इकेम या तिथल्या सगळ्यात नावाजलेल्या वाईनघरात (शातो) एका वेलीमागे साधारण एक ग्लास वाईन निघते असं सांगतात, आणि १९९२ किंवा २०१२ सारख्या वर्षी मनासारखा माल आला नाही म्हणून त्यांनी ती वाईन काढलीच नाही. बोर्दोच्या वाईनच्या १८५५ च्या वर्गवारीत या एकट्या शातोला सगळ्यांच्या वरचा वेगळा दर्जा दिला गेला होता. आपल्याकडे द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्चच्या कोरड्या हवेत होते, त्यामुळे नाशिकची लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या शेनिन ब्लाँ द्राक्षांची वाईन, बुरशीमुळे नव्हे तर मणी वेलीवर जास्त पिकवून गोड होते. सरावाला ती चांगली, पण पुढे जे वास सांगणार आहे ते तिच्यात शोधू नका.

आता ग्लास. वाईन दहा ते बारा अंशांवर, फार जुनी असेल तर आणखी दोन अंश वर. फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर वास बंद आणि नुसता गोडवा पुढे. चाळीस-पन्नास मिलिलिटर पुरे. तळाशी चकाकणारे खडे दिसले तर ती काच नव्हे, साखरही नव्हे. टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक आहेत. त्याने काही बिघडत नाही.

रंगावर नवशिके फार भिस्त ठेवतात. तरुण सोतेर्न फिकट सोनेरी, मग गडद सोनं, मग अंबर, पुढे चहाच्या कोऱ्या काढ्याकडे झुकणारी, हा प्रवास खरा आहे. पण बाटलीचा आकारही बघावा. या वाईन ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटल्यांत खूप विकल्या जातात आणि त्यात वाईनच्या मानाने हवा जास्त असल्याने त्या लवकर मुरतात. त्याच वर्षाची अर्धी बाटली पूर्ण बाटलीपेक्षा वयस्क दिसू शकते. म्हणून रंगावरून वयाचा अंदाज करा, पण निकाल नाकावर सोडा.

नाकापाशी थांबायला शिका, सगळी गंमत तिथे आहे. पहिल्या हुंगण्यात बहुधा मध आणि जर्दाळू येतात. ते लिहून मोकळे होऊ नका. ग्लास खाली ठेवा, मिनिटभराने पुन्हा उचला. आता संत्र्याच्या सालीचा कडवट-गोड वास, सुंठ, केशर, मधमाश्यांचं मेण. तरुण वाईनमधली ताजी फळं, म्हणजे अननस, पीच, लिंबाची साल, वयाबरोबर सुकामेव्याकडे आणि पाकाकडे सरकतात. फार जुन्या बाटलीत जळत आलेल्या साखरेचा, अक्रोडाचा, कधी कॉफीचाही वास असतो. हे थर एकावर एक आहेत का, की एकच वास मोठ्याने ओरडतोय? वाईनला गुंतागुंतीची म्हणायचं की नाही ते यावर ठरतं.

मराठी घरातून आलेल्या विद्यार्थ्याकडे इथे एक आयतं भांडवल असतं: मेथी. मुरलेल्या बोट्रायटिस वाईनमध्ये सोतोलोन नावाचं एक संयुग असतं, आणि मेथीदाण्याच्या वासाचा मुख्य कर्ताही तेच. ते अगदी थोडं असलं की वास काकवी-कॅरॅमलकडे जातो, वाढलं की थेट मेथीकडे. बाळंतिणीच्या खोलीतला डिंक-मेथीच्या लाडवांचा वास आठवा, आणि ते लाडू खाल्ल्यावर घामाला येणारा वासही आठवा. तो ग्लासात सापडला की हसू येतं, पण ओळख पक्की होते. परदेशी पुस्तकांत तिथे मेपल सिरप लिहिलेलं असतं, जे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिलेलंही नसतं. म्हणून माझा सल्ला असा की वहीत आधी आपल्या स्वयंपाकघरातला शब्द लिहावा, मोरावळा तर मोरावळा, साखरांबा तर साखरांबा, आणि त्याच्यासमोर परीक्षेत चालणारा शब्द. डब्ल्यूएसईटीच्या (वाईनच्या परीक्षा घेणारी ब्रिटिश संस्था) परीक्षकाला साखरांबा कळणार नाही, मार्मलेड आणि आलं कळेल. घरी बाटली नसेल त्या दिवशीही अभ्यास होतो: डबे उघडा, डोळे मिटा, वास घ्या. मेथीदाणा कोरडा भाजून थंड झाल्यावरही हुंगा.

वासात एक धोक्याची खूणही असते. नेलपॉलिशसारखा झणका या वाईनमध्ये थोडा चालतो, कारण बुरशी लागलेल्या द्राक्षांत तो येतोच. तो बाकी सगळं झाकत असेल तर मात्र दोष. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब. तरुण बाटलीत विझलेल्या काडेपेटीचा वास येतो तो गंधकाचा. या वाईनमध्ये गंधक जास्त घालावा लागतो आणि वर्षांगणिक विरत जातो.

मग घोट. इथे एक प्रयोग करून बघा, वाईन लागत नाही. दोन ग्लासांत प्रत्येकी शंभर मिलिलिटर पाणी आणि तेरा ग्रॅम साखर घ्या. एका ग्लासात अर्धं लिंबू पिळा. साखर तेवढीच, तरी लिंबाचा ग्लास कमी गोड वाटेल आणि दुसरा घोट घ्यावासा वाटेल. सोतेर्नमध्ये लिटरमागे १२० ते १५० ग्रॅम साखर सहज असते, म्हणजे कोलापेक्षाही जास्त. त्या साखरेला आंबटपणा तोलून धरतो. गालांच्या आतून लाळ सुटते का ते बघा, आंबटपणाचं माप तेच. जुन्या वाईनमध्ये फसगतीची जागा अशी की ती तरुण वाईनपेक्षा कमी गोड लागते, प्रत्यक्षात साखर जवळपास तेवढीच असते. डब्ल्यूएसईटीच्या ड्राय (गोडी नाही) ते लशस (अतिशय गोड) या सहा पायऱ्यांवर खूण करताना तोंडाला जाणवणाऱ्या साखरेकडेच बघा, वासातल्या कडवटपणाला भुलून एक पायरी खाली उतरू नका. या वाईनमधल्या सेमियाँ द्राक्षाचा मेणचट भरीवपणा आणि तेरा-चौदा टक्के अल्कोहोल यांमुळे घोट जाड लागतो. बार्साकच्या चुनखडीवरच्या वाईन त्यातल्या त्यात हलक्या, टवटवीत समजल्या जातात, आणि मला स्वतःला त्याच आवडतात.

थुंका. टेस्टिंगमध्ये यात लाजण्यासारखं काही नाही. थुंकल्यावर मनात सेकंद मोजा. साखर आधी सरते आणि मागे केशर, साल, किंचित कडवटपणा रेंगाळतो, तर वाईन उत्तम. नुसता चिकटपणा उरला तर वर्ष किंवा साठवण कुठेतरी कमी पडली. टेस्टिंगआधी बडीशेप, वेलदोडा, अत्तर वर्ज्य. वर्गात मुखवास चघळत आलेल्या मुलाला मी बाहेर पाठवतो.

डब्ल्यूएसईटी लेव्हल ३ च्या टेस्टिंग परीक्षेत दोन वाईन ओळख न देता समोर येतात, वेळ अर्धा तास. गोड आली तर घाबरू नका. तिच्यात लिहायला इतरांपेक्षा जास्त असतं. शेवटचा प्रश्न तयारीचा: आता प्यावी की अजून ठेवावी? फळ संपून नुसतं कॅरॅमल उरलं असेल आणि आंबटपणा थकला असेल तर आता प्यायचीच. फळ, मसाला आणि आंबटपणाची धार तिन्ही जिवंत असतील तर अजून ठेवता येईल असं ठामपणे लिहा आणि कारण द्या.

नोकरीत हे सगळं एका वेगळ्या प्रश्नाच्या रूपात येतं. पाहुणा म्हणतो, "गुलाबजामबरोबर द्या." देऊ नका, किंवा देताना सांगा. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन पातळ आणि आंबट लागते. फ्रान्समध्ये ती रोकफोर चीजबरोबर देतात, कारण खारटपणाला ती शोभते. आपल्याकडे मी खारे भाजलेले काजू किंवा निळं चीज सुचवतो.

जुन्या बाटल्या इथे कमी मिळतात आणि आयात शुल्कामुळे महाग पडतात. सहाजणांनी मिळून अर्धी बाटली घ्यावी, प्रत्येकाला साठेक मिलिलिटर येते. घेताना मानेतली पातळी बघा. ती खांद्याच्या खाली उतरलेली असेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी पैसे खिशात ठेवा. सगळी एकदम संपवू नका, चाळीसच ओता. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये आठवडाभर नीट राहते, तेव्हा दुसऱ्या आणि चौथ्या दिवशीही थोडी चाखा आणि नव्या पानावर नोंद करा.