थंडीत गाडीला कोरडं फडकं लावू नका: कोकणात हमखास होणाऱ्या चुका

पावसाळ्यात गाडी चिखलाने भरते, पण पुढच्या सरीत निम्मा चिखल आपोआप उतरतो. थंडीत तसं होत नाही. नोव्हेंबरपासून जांभ्याची लाल धूळ उडायला लागते, रात्री दव पडतं आणि वारा समुद्राचा खारटपणा घेऊन येतो. हे सगळं गाडीवर थरावर थर बसत राहतं आणि धुवायला पाऊस येत नाही. म्हणून मी तर म्हणेन, गाडीची जास्त काळजी थंडीतच घ्यावी.

सकाळी सातला वाडीतून चक्कर मारा, दर चौथ्या दारात कुणीतरी फडक्याने टप पुसताना दिसेल. दव पडलेलंच आहे, वेगळं पाणी कशाला, असा हिशेब. पण दवाने धूळ फक्त भिजते, वाहून जात नाही. त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि फडकं फिरवलं की ते रंगावर घासले जातात. उन्हात गाडी तिरपी पाहिली की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. माझ्या पहिल्या गाडीचं बॉनेट मी दोन हिवाळ्यांत असंच घालवलं. गडद रंग होता, पॉलिश करूनही ते ओरखडे पुरते गेले नाहीत.

आधी नुसतं पाणी सोडा, टपापासून खाली. धूळ वाहून गेली की मगच शांपू. बादल्या दोन ठेवा: एकीत शांपूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. चाकांचं फडकं वेगळं. भांडी घासायचा साबण नको, तो तेलकटपणाबरोबर रंगावरचं वॅक्सही काढतो. सकाळी ऑफिसची घाई असेल तर फक्त काचा आणि आरसे पाणी मारून स्वच्छ करा, बाकीची गाडी तशीच न्या. धुळकट गाडी धुता येते, ओरखडे धुता येत नाहीत. वायपरही कोरड्या काचेवर चालवू नका.

दुसरी चूक आपल्याकडचीच: मोहोर आलेल्या आंब्याच्या कलमाखाली गाडी लावणं. सावली मिळते हे खरं. पण मोहोरावर तुडतुडे आले की त्यांच्या अंगातून मधासारखा चिकट द्रव पडतो आणि टपावर, काचेवर त्याचे बारीक थेंब बसतात. पानांवर त्याच्यावरच काळी बुरशी धरते. गाडीवर त्याला धूळ चिकटते आणि दोन दिवसांत तो कडक होतो. नखाने किंवा स्क्रबरने खरवडू नका. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पाच-दहा मिनिटं वर ठेवा, मऊ झाल्यावर हलक्या हाताने उचला. पक्ष्यांच्या विष्ठेलाही हाच उपाय, फक्त ती त्याच दिवशी काढा, नाहीतर रंगावर डाग राहतो. बागेत फवारणी असेल त्या दिवशी गाडी लांब लावा.

आता गाडीचं पोट, जिथे नुकसान खरं होतं आणि दिसत नाही. बर्फ पडणाऱ्या देशांत रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, म्हणून तिथे हिवाळाभर गाडी खालून धुतात. आपल्याकडे मीठ वाऱ्याबरोबर येतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळायला लागतं. किनाऱ्यावर रात्री एवढी ओल सहज असते. म्हणजे दिवसा कोरडं वाटणारं पोट रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजत राहतं. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीतून आलात, किंवा गाडी समुद्रकाठच्या वाळूत, पुळणीवर नेलीत (नेऊ नका, एवढंच सांगेन), तर त्याच दिवशी चाकांच्या आतून आणि खालून भरपूर गोडं पाणी मारा. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निथळायला छोटी भोकं असतात. ती लाल मातीने बुजतात आणि दरवाजा आतून सडायला लागतो. एक पातळ काडी पुरते.

गोडं पाणी मुद्दाम म्हटलं. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं. त्याने गाडी धुतली तर मीठ काढायच्या नादात नवं मीठ लावून बसतो. निदान शेवटचं पाणी तरी नळाचं घ्या, आणि उन्हात वाळू न देता मायक्रोफायबर फडक्याने टिपून घ्या.

संध्याकाळी धुण्याची सवयही सोडा. रात्री दव पडतं, मग सांधे आणि ब्रेक वाळतच नाहीत. सकाळी आठ-नऊला सावलीत धुवा आणि नंतर दोन किलोमीटर फिरवून ब्रेक चार वेळा दाबा. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून गाडी दोन दिवस उभी ठेवली तर चाक धरून बसतं. सपाट जागा असेल तर गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

कव्हर ओल्या किंवा धुळकट गाडीवर घालू नका, वाऱ्याने ते हलतं आणि घासतं.

आणि डिकी. मासळीच्या पिशवीतून गळलेलं पाणी गालिच्याखाली जातं, वरून अत्तर मारून वास जात नाही आणि मीठ पत्र्यालाच लागून राहतं. गालिचा काढा, स्टेपनीचा खड्डा गोड्या पाण्याने पुसा आणि दुपारभर डिकी उघडी ठेवा. पुढच्या बाजाराला झाकणाचा डबा न्या.