नळाला लावायचा फिल्टर: धार बारीक, सांधा गळका, पाणी काळं? या चुका टाळा

आमच्या इमारतीत एकाच आठवड्यात, एकाच दुकानातून, एकाच बनावटीचे दोन नळफिल्टर आले. एक तळमजल्यावरच्या काकूंकडे, दुसरा आमच्याकडे चौथ्या मजल्यावर. काकूंची कळशी बघता बघता भरायची आणि आमच्याकडे शिवणाच्या दोऱ्यासारखी धार. मी फिल्टर खोलला, धुतला, परत लावला. पाना घेऊन आवळला आणि फिल्टर नळाला जोडणारी प्लास्टिकची कॉलर तडकवली. मग तावातावाने दुकानात गेलो. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "साहेब, टाकी तुमच्या नळापासून किती उंच आहे?"

त्या प्रश्नातच उत्तर होतं. दहा मीटर उंचीचं पाणी साधारण एक किलो दाब देतं (प्लंबर लोक 'एक किलो प्रेशर' म्हणतात तो). आमच्या स्वयंपाकघरातल्या नळापासून गच्चीवरच्या टाकीचा तळ जेमतेम साडेतीन मीटरवर, म्हणजे दाब पाव किलोच्या थोडा वर. काकूंच्या नळावर तीच टाकी आणखी चार मजले उंच, म्हणजे दीड किलोच्या आसपास. मी खोकं उलटून पाहिलं तर बारीक अक्षरात किमान दाब २० पीएसआय लिहिला होता, जवळजवळ १.४ किलो. फिल्टर धडधाकट होता. रस्त्याखालून थेट दाबाने पाणी येणारी घरं डोळ्यांसमोर ठेवून तो बनवलेला होता आणि आपल्याकडे बहुतेक फ्लॅटमध्ये पाणी आधी टाकीत चढतं, मग खाली उतरतं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक दुकानातच होते. वरच्या दोन मजल्यांवर राहणाऱ्यांनी कार्बनच्या घट्ट ठोकळ्याचा किंवा पोकळ तंतूंच्या पडद्याचा नळफिल्टर घेताना खोक्यावरचा किमान दाब आधी वाचावा. दाब पुरत नसेल तर उपाय दोनच. टाकीतून येणाऱ्या लाइनला दाब वाढवणारा छोटा बूस्टर पंप बसवायचा किंवा दोन मजली भांड्याचा कँडल फिल्टर घ्यायचा, ज्याला दाब लागतच नाही. दुसरा उपाय स्वस्त आणि माझ्या मते जास्त शहाणपणाचा. पंप बसवणार असाल तर तो टाकीनंतरच्या लाइनवर बसवा. महापालिकेच्या लाइनला थेट पंप लावणं नियमाबाहेरचं आहेच, शिवाय रिकाम्या पाइपाला ओढ बसली की फुटक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत येते. ती आपल्याकडेही येते आणि शेजाऱ्यांकडेही.

धार बारीक आहे म्हणून नळ पूर्ण सोडणं हीसुद्धा चूकच. कार्बनमधून पाणी जितकं सावकाश जातं तितका क्लोरीन आणि वास जास्त निघतो. धार आपली आपण थोडी कमी ठेवावी.

आधी कोणावर संशय घ्यायचा

चालू फिल्टरची धार महिन्या-दोन महिन्यांत कमी झाली, तर खोलाखोलीला क्रम असू द्या. लिटरची बाटली आणि मोबाइलवरचं घड्याळ घ्या. फिल्टर काढून उघड्या नळाखाली बाटली किती सेकंदांत भरते ते पाहा. मग कार्ट्रिज (फिल्टरच्या आतला, बदलता येणारा गाळणारा भाग) काढून नुसतं फिल्टरचं कवच लावून पाहा. शेवटी कार्ट्रिजसकट. उघड्या नळालाच वेळ लागत असेल तर दोष टाकीचा, पाइपाचा किंवा नळाच्या तोंडातल्या जाळीचा. कवच लावल्यावर खोळंबत असेल तर अडाप्टरमधल्या (नळ आणि फिल्टर जोडणाऱ्या तुकड्यातल्या) चाळणीत वाळूचे कण अडकलेत. कार्ट्रिज घातल्यावरच धार मंदावत असेल, तर तो बिचारा भरला आहे. नवीन फिल्टर लावलात की पहिल्याच दिवशी हे तीन आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढे भांडण टळतं, निदान दुकानदाराशी तरी.

पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात गढूळ पाण्याने कार्ट्रिज एरवीपेक्षा फार लवकर तुंबतो. जिथे पाणी ठरावीक वेळेलाच येतं तिथे आल्या आल्या पहिली काही मिनिटं मातकट येतं. ते फिल्टरमधून घेऊ नका, बादलीत भरून झाडांना किंवा मोरीला वापरा. पाणी निवळलं की मग फिल्टरची कळ फिरवा.

कोणता फिल्टर काय गाळतो

'नळाचा फिल्टर' या एकाच नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. शंभर-दीडशे रुपयांचा, जाळी आणि स्पंजचा गोळा असलेला फिल्टर फक्त रेती, गंज आणि शेवाळाचे तुकडे अडवतो. नळाला फडकं बांधण्याच्या आपल्या जुन्या सवयीपेक्षा तो फारसा पुढे नाही. उलट फडकं रोज धुऊन उन्हात वाळवता येतं आणि हा ओला स्पंज महिनोन्महिने तसाच कुबट होत राहतो. फडक्याला हसू नका. बांगलादेशातल्या मतलब भागात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुनी सुती साडी किमान चार पदरी घडी करून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. कॉलऱ्याचे जिवाणू पाण्यातल्या सूक्ष्म प्लवकांना (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांना) चिकटून असतात आणि ते प्लवक साडीत अडकतात. साडी जुनी हवी, कारण धुऊन धुऊन धागे पिंजले की छिद्रं बारीक होतात.

दुसरा प्रकार कार्बनचा. हा क्लोरीनचा वास, चव आणि काही सेंद्रिय रसायनं धरतो. तिसरा सिरॅमिकचा, चौथा पोकळ तंतूंचा. हे दोन्ही नीट बनवलेले असतील तर जिवाणू अडवतात, कारण ई. कोलायसारखा जिवाणू एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असतो आणि त्यांची छिद्रं त्याहून बारीक असतात. कावीळ करणारा हेपॅटायटिस ए विषाणू मात्र ०.०३ मायक्रॉनहूनही लहान. तो सिरॅमिकमधून सहज पार होतो. घरात कावीळ असेल किंवा परिसरात साथ असेल तर गाळलेलं पाणी उकळायचंच. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे.

आता टीडीएस मीटरबद्दल, कारण याच्याइतका घोळ कशानेच होत नाही. लोक दोनशे रुपयांचं पेनासारखं मीटर आणतात, फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी मोजतात, आकडा तोच येतो आणि 'फसवलं' म्हणतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. साखर विरघळलेला चहा गाळणीतून गाळून अगोड होत नाही, तसंच हे. नळाला लावायचे हे चारही प्रकार टीडीएस कमी करत नाहीत आणि त्यांनी तो करावा अशी अपेक्षाही नाही. मीटर जिवाणूही दाखवत नाही. ८० आकडा असलेलं पाणी रोगट असू शकतं आणि ६०० आकड्याचं निर्धोक.

भारतीय मानकाने, म्हणजे आयएस १०५०० ने, पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतला आहे. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या तलावांचं आणि पुण्याला खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी मिळतं. ते साठवलेलं पावसाचंच पाणी, क्षार मुळात कमी. तिथे आरओ (क्षार काढणारं, पण बरंच पाणी वाया घालवणारं यंत्र) लावणं म्हणजे पाणी मोरीत सोडण्याचा महाग मार्ग. टीडीएस ५०० च्या खाली असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलं ते उगाच नव्हे. अशा घरांत नळाचा फिल्टर शोभतो. पण अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या मचूळ पाण्याला हाच फिल्टर लावाल तर पाणी मचूळच राहील. यवतमाळच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, तेही यातून जसंच्या तसं उतरतं. शहराच्या कडेला अर्धा महिना टँकर आणि अर्धा महिना बोअर अशा सोसायट्यांनी आधी पाणी तपासून घ्यावं, मग खरेदीला निघावं.

क्लोरीन काढला, मग पुढे?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, पाण्यावर संशय गेला आणि आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांनी घाईघाईने नळाला कार्बनचे फिल्टर लावले. गंमत अशी की शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात जो थोडासा क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवतात (मानकाप्रमाणे नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम), तो रस्त्यात शिरलेल्या जंतूंना मारण्यासाठीच असतो आणि कार्बन नेमका तोच काढून टाकतो. नुसत्या कार्बनच्या फिल्टरमधून आलेलं पाणी म्हणजे पहारेकरी काढून घेतलेलं पाणी.

म्हणून टाकीत किंवा पिंपात भरायचं पाणी कार्बनमधून घेऊ नका. पिण्यापुरतं, त्या दिवसापुरतं घ्या. माठ रोज घासा, त्यात हात बुडवण्याऐवजी लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. रात्रभर फिल्टरमध्ये थांबलेलं पाणी सकाळी अर्धा मिनिट वाहू द्या आणि मगच पेला भरा. ओल्या कार्बनमध्ये क्लोरीन नसलेलं कोमट पाणी रात्रभर बसलं की जिवाणूंची चैन असते. मे महिन्यात पंधरा-वीस दिवस गावी जाऊन आलात आणि फिल्टरला शेवाळी वास आला, तर वाहवत बसू नका, कार्ट्रिज टाकून द्या.

गळती: जोर कमी, डोकं जास्त

फिल्टर लावण्याआधी नळाचे आटे पाहा. तोंडाची जाळी फिरवून निघत असेल तर आत आटे आहेत की बाहेर ते बघा. बहुधा आतले आटे २४ मिलिमीटरच्या आणि बाहेरचे २२ मिलिमीटरच्या मापाचे असतात. जुन्या पितळी तोटीला आटेच नसतात. तिला रबरी चिमट्याचा अडाप्टर लागतो, जो दाब वाढला की टोपीसारखा उडतो. असा नळ असेल तर दोनशे-तीनशे रुपये घालून आट्यांचा नळ बदलून घ्या. ओढून काढायच्या फवारा-नळाला मात्र हा फिल्टर लावूच नका.

सांधा आट्यांनी बंद होत नाही, आतल्या रबर वॉशरने होतो. त्यामुळे आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दहा वेढे देऊन काही साधत नाही. उलट कॉलर वाकडी बसते. जुनं वॉशर नळातच चिकटून राहिलं आणि त्यावर नवीन बसवलं तरी पाणी गळतं, हे तर मी दोनदा केलं आहे. वॉशर सपाट बसवा, हाताने आवळा, फार तर पाव फेरा वर. पाना आणि पक्कड खोक्यातच राहू द्या.

दोन महिने कोरडा असलेला सांधा अचानक गळू लागला आणि त्याच वेळी धारही मंदावली असेल, तर वॉशरच्या मागे लागू नका. तुंबलेल्या कार्ट्रिजमुळे पाणी मागे दाबलं जातं आणि कमकुवत जागेतून वाट काढतं. कार्ट्रिज बदला, गळती बहुधा आपोआप थांबते. झाकणाजवळची गोल रिंग कोरडी पडली असेल तर खाद्यपदार्थांसाठी चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटाने थोडं लावा. खोबरेल तेल लावू नका, तेलाने बरीचशी रबरं फुगतात.

काळं, पांढरं, गरम

नव्या कार्बनमधून पहिल्यांदा काळसर पाणी येतं. ती कोळशाची भुकटी असते, पाच मिनिटं वाहू दिली की थांबते. पांढुरकं, दुधासारखं पाणी आलं तर पेला ओट्यावर ठेवून पाहा. खालून वर निवळत गेलं तर ते हवेचे बुडबुडे आहेत. तळाशी पांढरा गाळ बसला तर मात्र क्षार किंवा दुसरं काही. जड पाण्यामुळे नळाच्या जाळीवर आणि कवचावर पांढरा थर चढतो, त्यावर कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून तासभर भिजवणं पुरतं. कार्ट्रिज मात्र त्यात बुडवू नका. सिरॅमिक असेल तर साबणाशिवाय, मऊ ब्रशने, वाहत्या पाण्यात घासा. केसाएवढी चीर दिसली तरी फेका.

गीझरचं पाणी फिल्टरमधून जाऊ देऊ नका. एकाच नळाला गरम-गार दोन्ही येत असेल तर भांडी घासताना हमखास हे होतं. गरम पाण्याने कार्बनने धरलेलं काही परत सुटतं आणि पोकळ तंतू बिघडतात. पाणी फिल्टरमधून न नेता सरळ सोडणारी बाजूची कळ त्यासाठीच दिलेली असते. भांडी, भाज्यांची पहिली धुणी, फरशीची बादली हे सगळं बिनफिल्टरचं.

कार्ट्रिजचं आयुष्यही तिथेच संपतं. अनेक कार्ट्रिजवर ३८० लिटरच्या आसपास मर्यादा असते आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात 'तीन महिने' लिहिलेलं असतं. हे तीन महिने दिवसाला चार लिटर पाण्याचे. चौघांचं पिणं, चहा, वरण-भात आणि कुकरचं पाणी धरलं तर वीस लिटर सहज होतात. मग तोच कार्ट्रिज एकोणीस दिवसांत संपतो. घेण्याआधी हा हिशेब केला तर वर्षाचा खर्च दिसतो आणि कधी कधी मोह आवरतो. कार्ट्रिजच्या अंगावर तो चढवलेल्या दिवसाची तारीख पेनाने लिहा.

आम्ही शेवटी कँडलचं दोन मजली भांडं आणलं. आमचा न उघडलेला दुसरा कार्ट्रिज काकूंना दिला, त्यांनी बदल्यात लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवली. तडकलेली कॉलर अजून ड्रॉवरमध्ये आहे.