पाव्हणं, कुठला टन?

एनर्जी ऑडिटमध्ये, म्हणजे कारखान्यात वीज-इंधन कुठं वाया जातंय ते मोजायच्या कामात, यायचंय म्हणून बरीच पोरं विचारतात, बहुतेक कोल्हापूरचीच, मेकॅनिकल नायतर इलेक्ट्रिकल झालेली, आणि पहिला प्रश्न ठरलेला की कोर्स कुठला करू. कोर्सचं नंतर बघू, आधी माझी फजिती ऐका.

पहिलंच काम शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, विजेवर मेटल वितळवणारी इंडक्शन भट्टी. मी मीटर रीडिंग घेतलं, हीटचं, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या मेटलचं, वजन घेतलं, भागाकार केला, 620 युनिट पर टन. थिअरीने कास्ट आयर्न वितळवून 1500 डिग्रीला न्यायला 400 च्या आसपास युनिट लागतात, त्यामानाने भट्टी बरी चाललीय म्हणून रिपोर्ट लिहायलाच बसलो. भट्टीवरचे मामा बघत होते, म्हणाले, "पाव्हणं, ह्यो टन कुठला धरलासा? भट्टीतला का गाडीत भरलेला?"

मी गप्पच. मग त्यांच्याबरोबरच हिशोब मांडला. 1000 किलो मेटल ओतलं की तिथं 400 किलो रनर-रायजरमध्ये (साच्यात मेटल पोचवायच्या वाटा आणि जास्तीचं मेटल धरणारे कप्पे) जाऊन परत भट्टीतच येत होतं, उरलेल्या 600 मधलं पाच टक्के रिजेक्ट, म्हणजे गाडीत चढणारा माल 570 किलो, आणि युनिट तेच 620, म्हणजे टनाला जवळपास 1088! आणि ही नुसती भट्टी हां, कॉम्प्रेसर, सँड प्लांट, शॉट ब्लास्टिंग अजून धरलंच नाही. मालक नवीन भट्टीचं कोटेशन मागवून बसलेले आणि वीज जात होती रनर-रायजर आणि रिजेक्शनमध्ये, शिवाय मोल्ड (साचा) तयार नाही म्हणून झाकण उघडं टाकून भट्टी गरम ठेवत बसायचे ते वेगळंच.

काही जण टनाऐवजी टर्नओव्हरवर मोजतात, ते मला अजिबात पटत नाही, कास्टिंगचा रेट वाढला की भट्टी आपोआप सुधारल्यासारखी दिसते. संयुक्त राष्ट्रांचं शाश्वत विकासाचं 7.3 नंबरचं टार्गेट आहे, 2030 पर्यंत एनर्जी एफिशियन्सी सुधारायचा जागतिक वेग दुप्पट करायचा, तिथं प्राथमिक ऊर्जा भागिले जीडीपी असंच मोजतात, देशाला ते चालतं कारण देश हजार वस्तू बनवतो, पण आपल्या शेडमध्ये वजनकाटा आहे की!

कॉम्प्रेसरची टेस्ट तर फुकटात होते. सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशीन बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू, मोबाईलवर टायमर लावायचा. दोन मिनिटं लोड (हवा भरतोय) आणि तीन मिनिटं अनलोड (नुसता फिरतोय) झाला तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 40 टक्के हवा गळतीतच चाललीय.

आता कोर्स. बीईईची, म्हणजे केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची, परीक्षा द्या, एनर्जी मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला चौथा जास्तीचा. पण त्याआधी ओळखीच्या फाउंड्रीत महिनाभर हीटचं रजिस्टर उतरवून काढा, भट्टी कधी चालू, पोअरिंग कधी, मधे किती वेळ नुसती थांबली. आणि सेफ्टी शूज घरनंच घालून जावा, गेटवर देतात ते कधीच मापाचे नसतात.