वयात येणाऱ्या मुलामुलींशी शरीराविषयी कसे बोलावे

बीड, धाराशिव भागात दिवाळीच्या सुमारास आई-वडील ऊसतोडीला गेले की मुले आजीजवळ राहतात आणि मुलीची पहिली पाळी नेमकी त्याच काळात येऊ शकते. म्हणून मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की कारखान्यावर जाण्याआधीच तिच्याशी बोलावे आणि आजीलाही त्या बोलण्यात बसवावे.

एकाच बैठकीत सगळे सांगण्याचा हट्ट धरू नये. पाळी साधारणपणे नऊ ते पंधरा या वयात येते आणि पहिली एक-दोन वर्षे ती अनियमित असू शकते, एवढे सांगावे. मग पॅड किंवा सुती कापड प्रत्यक्ष हातात देऊन ते कसे घ्यायचे, चार-सहा तासांनी कसे बदलायचे आणि कापड असल्यास साबणाने धुऊन, आडोशाला न लपवता, उन्हात कसे वाळवायचे हे दाखवावे.

मुलग्यांशी बहुधा कोणीच बोलत नाही. झोपेत वीर्य बाहेर पडणे नैसर्गिक आहे आणि त्याने अशक्तपणा येत नाही, हे वडिलांनी किंवा मामाने सांगितले नाही, तर भिंतीवरची ‘गुप्तरोगा’ची जाहिरात त्याला उलटेच सांगते, आणि वर पैसेही घेते.

शाळेत दहावीच्या विज्ञानातील मानवी प्रजननाचा भाग ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सोडू नये. आदल्या दिवशी सर्वांना एकसारख्या चिठ्ठ्या द्याव्यात. ज्याला काही विचारायचे नसेल त्यानेही ‘प्रश्न नाही’ असे लिहून चिठ्ठी पेटीत टाकावी, म्हणजे विचारणारा कोण हे कळत नाही. शिक्षकांनी चिठ्ठ्या रात्री वाचून उत्तरांची तयारी करावी. ‘मुलगा की मुलगी हे कशावरून ठरते?’ असे कोणी विचारल्यास, स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्र असते आणि पुरुषाच्या शुक्राणूत एक्स किंवा वाय, त्यामुळे लिंग शुक्राणूवरून ठरते, हे फळ्यावर काढून दाखवावे. ‘मुलगाच होत नाही’ म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांतलीही मुले वर्गात असतात.

नववीपासून कायदाही स्पष्ट सांगावा. पॉक्सो, 2012 म्हणजे मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची लैंगिक संबंधाला असलेली संमती ग्राह्य धरली जात नाही. एखाद्या मुलाने किंवा मुलीने अत्याचार झाल्याचे सांगितले, तर ‘आधी का नाही सांगितलेस’ असे न विचारता शांतपणे ऐकून घ्यावे आणि 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवावे. असे प्रकरण गावात बसून मिटवता येत नाही, कारण माहिती असूनही न कळवणे हा गुन्हा आहे. घरी किंवा शाळेत बोलणे जमत नसेल, तर आशाताईंना विचारून सरकारी दवाखान्यात किशोरवयीनांसाठी समुपदेशन कोठे मिळते ते पाहावे आणि मुलाला किंवा मुलीला तेथे थोडा वेळ एकटे बोलू द्यावे.