फ्लॉरेन्समधला मोकळा दिवस: कोल्हापूरहून जाणाऱ्या जोडप्यांनो, या चुका टाळा

इटलीच्या सहलीत फ्लॉरेन्सला एखादा दिवस मोकळा मिळाला की दोघांचा बेत ठरलेला असतो: थोडं म्युझियम, थोडी खरेदी. काय बघायचं याची यादी सगळ्यांकडे असते. आधी काय आणि मग काय, हे कुणी ठरवत नाही आणि दिवस तिथंच फसतो.

वार न बघणं

उफ्फीझी आणि अकाडेमिया ही दोन्ही मोठी म्युझियमं सोमवारी बंद असतात. मोकळा दिवस सोमवारी येत असेल तर टूरवाल्याशी इथंच, निघायच्या आधी भांडून घ्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, पण त्या दिवशी आगाऊ बुकिंग नाही, नुसती रांग. इतर दिवशी वेळ धरून ऑनलाइन तिकीट काढा. तिकीट नावानिशी असतं, त्यामुळे नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं टाका. लग्नानंतर पासपोर्ट बदलला नसेल तर तिकिटावरही माहेरचंच नाव जाणार.

एका दिवसात दोन्ही म्युझियमं

निवांत दिवस हवा असेल तर एकच निवडा, आणि ते उफ्फीझी. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा मूळ पुतळा, ५.१७ मीटर उंच, १८७३पासून अकाडेमियात आहे. पण तो आधी जिथं उभा होता त्या पियाझ्झा देल्ला सिन्योरियात त्याची प्रतिकृती उघड्यावर आहे, आणि तो चौक उफ्फीझीला लागूनच.

उफ्फीझीत आधी थेट दुसऱ्या मजल्यावर जायचं आणि बघत बघत खाली उतरायचं. बोत्तिचेल्लीची चित्रं वर, काराव्हाज्जो खाली. सुरुवातीच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये प्रत्येक संगमरवरी पुतळ्यापुढं थांबलात तर बोत्तिचेल्लीपर्यंत पोचता पोचता पाय बोलायला लागतात. दोघांपैकी एकाला प्रत्येक पाटी वाचायची असते आणि दुसऱ्याचं दालन पाच मिनिटांत उरकतं. यावर बरोबर फिरायचा अट्टहास हा उपाय नव्हे. वरच्या मजल्याच्या शेवटी गच्चीवर कॅफे आहे. तिथं भेटायची वेळ ठरवा आणि खुशाल वेगळे व्हा.

खरेदी आधी, म्युझियम नंतर

मोठी सॅक आत नेता येत नाही, सामानघरात ठेवावी लागते. अर्ध्या लिटरपेक्षा मोठी पाण्याची बाटलीही चालत नाही. म्हणून सकाळी हात मोकळे ठेवून म्युझियम आणि दुपारनंतर बाजार. पायात आधी वापरून सवयीचे झालेले, रबरी तळव्याचे बूट हवेत. कोल्हापुरी घालून फ्लॉरेन्समध्ये फोटो काढायची हौस समजण्यासारखी आहे, पण पाऊस पडला की कातडी तळवा पाणी पितो आणि तिथल्या गुळगुळीत फरशीवर सटकतो.

‘मेड इन इटली’वर विश्वास

चामडं पारखायला कोल्हापूरकरांना कुणी शिकवायची गरज नसावी, तरी सान लोरेन्झो बाजारातल्या स्टॉलवर भलेभले फसतात. तिथं इटालियन मालाशेजारीच बाहेरून आलेला मालही टांगलेला असतो. नुसता शिक्का पाहू नका, कड पाहा. बॅगेच्या पट्ट्याची कापलेली कड रंगानं किंवा प्लास्टिकनं पूर्ण लिंपलेली असेल तर आतलं काही कळत नाही. अशा वेळी खिशाच्या आतली किंवा शिवणीजवळची उघडी कड शोधा. अस्सल चामड्यात तिथं बारीक तंतू दिसतात. वर गुळगुळीत थर आणि खाली कापडाची जाळी दिसली की ते रेक्झिन. ‘वेरा पेल्ले’ म्हणजे खरं चामडं, पण त्यात क्रोमच्या क्षारांत कमावलेलंही आलं. आपल्या चपलेसारखं झाडांच्या सालीच्या अर्कात कमावलेलं हवं असेल तर ‘कोंचाता आल वेजेताले’ हे शब्द विचारा. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा वास ज्यानं घेतलाय त्याला हा वास जवळचा वाटेल. अशा चामड्यावर नख हलकं दाबलं की वळ उमटतो. बुटांवर चिन्हांची पट्टी असते: पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, नुसता चौकट-हिरा म्हणजे दुसरं काहीतरी.

घाई नसेल तर सांता क्रोचे चर्चच्या मागं, जुन्या मठात चामड्याची शाळा आहे. तिथं कारागीर काम करताना दिसतात आणि मालही मिळतो. त्याच भागात ४ नोव्हेंबर १९६६च्या आर्नो नदीच्या महापुराच्या खुणा भिंतींवर आहेत. पंचगंगेचा २०१९चा पूर पाहिलेल्यांची मान त्या बघताना आपोआप वर जाते.

फूटपाथवर चादर पसरून विकल्या जाणाऱ्या ब्रँडेड बॅगांकडं फिरकू नका. नकली माल विकत घेणाऱ्यालाही इटलीत दंड होतो, तोही हजारो युरोंपर्यंत.

पोंते वेक्योवर गुजरीचा हिशेब

या पुलावर सोनारांची दुकानं १५९३पासून आहेत. सोनं बहुतेक १८ कॅरेटचं, म्हणजे हजारात ७५० भाग शुद्ध. आपल्या सराफबाजारातल्या, गुजरीतल्या २२ कॅरेटच्या, ९१६च्या भावाशी त्याची ग्रॅमला ग्रॅम तुलना केली की सगळंच स्वस्त वाटतं. भारतात परतताना बायकांना ४० ग्रॅम सोन्यावर कस्टम्स ड्युटी माफ असते हे शेजारीपाजारी ठासून सांगतात. ती सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून येणाऱ्यांची, आठ दिवसांच्या सहलीची नव्हे. नेहमीची करमाफीही माणशी असते, नवरा-बायकोची एकत्र मोजत नाहीत.

टॅक्स रिफंड बुडवणं

सगळ्यात जास्त पैसे इथं जातात. एकाच दुकानात ७० युरोंच्या वर खरेदी झाली तर परत मिळण्याजोगा कर असतो. पण अहोंच्या नावावर ४५ आणि बायकोच्या नावावर ४५ अशी दोन बिलं झाली की दोघांचंही गेलं. एकाच पासपोर्टवर एकच बिल करा. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, हॉटेलच्या तिजोरीत नको. दर २२ टक्के असला तरी तो किमतीत धरलेला असतो: २०० युरोंच्या बॅगेत कर साधारण ३६ युरो, त्यातूनही रिफंड देणाऱ्या कंपनीचं शुल्क जातं. वस्तू न वापरलेली हवी. युरोपियन युनियन सोडताना विमानतळावर कस्टम्सची नोंद झालीच पाहिजे, तीही बॅग चेक-इन करण्याआधी. रोमहून दुबईमार्गे येत असाल तर हे काम रोमलाच. दुबईत काही होत नाही. कार्ड मशीननं ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरोच दाबा, रुपयांचा दर दुकानाच्या बँकेचा असतो.

काशीने उद्यानाच्या चुकीच्या टोकाला उतरणं

करवीरचे छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७०ला इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्समध्येच वारले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथल्या छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, म्हणजे आपल्या न्यू पॅलेसच्याच वास्तुविशारदाचा. बरेच जण टी-वन ट्रामनं ‘काशीने’ थांब्यावर उतरतात आणि शोधत बसतात. तो थांबा उद्यानाच्या शहराकडच्या टोकाला, छत्री पश्चिमेच्या टोकाला, मध्ये चांगली तीनेक किलोमीटरची चाल. दमला असाल तर थेट टॅक्सी करा आणि अंधार पडायच्या आत पोचा. ड्रायव्हरला ‘राजाराम’ सांगून कळणार नाही, ‘मोनुमेंतो आल्लिंदियानो’ म्हणा.