नवा चढाईपटू पहिल्याच हंगामात उतरवावा की राखीव ठेवावा? गावातील कबड्डी मंडळांसाठी मार्गदर्शन

दिवाळीच्या सुमारास सोयाबीन घरात आले, की विदर्भातील गावोगावी कबड्डीच्या खुल्या सामन्यांचे फलक लागू लागतात आणि बहुतेक मंडळांत एकच वाद सुरू होतो. शालेय स्पर्धांत नाव काढलेला, पायात वेग असलेला सतरा-अठरा वर्षांचा एखादा चढाईपटू नुकताच मंडळात आलेला असतो. जुने खेळाडू म्हणतात, त्याने एक वर्ष बसून पाहावे. गावातील तरुणांचा आग्रह असतो की पहिल्या सामन्यापासून त्यालाच पाठवावे. हा निर्णय त्या मुलाचे कौशल्य पाहून घेतला जातो, आणि माझ्या मते गफलत तेथेच होते. आधी त्याच्यासोबत मैदानात उतरणाऱ्या सहा जणांकडे पाहावे आणि मगच त्याच्याकडे.

याचे कारण खेळाच्या नियमांत आहे. बाद झालेला खेळाडू आपल्या संघाने प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद केल्यावरच परत येतो आणि तोही बाद झालेल्यांच्या क्रमाने. तो बाहेर असताना त्याच्या जागी राखीव खेळाडू घेता येत नाही. शिवाय बोनस गुणाने कोणीही जिवंत होत नाही. म्हणून तुमचा दुसरा चढाईपटू बोनस रेषा ओलांडून गुण आणण्यात कितीही तरबेज असला, तरी त्याच्या त्या गुणांनी बाहेर बसलेला नवखा आत येणार नाही. त्यासाठी गडी टिपणारा दुसरा चढाईपटू हवा किंवा पकड करणारे खंबीर कोपरे, म्हणजे दोन्ही टोकांना उभे राहणारे बचावपटू, हवेत. हे दोन्ही नसतील, तर नवखा पहिल्या पाच मिनिटांत बाद होऊन उरलेला डाव रेषेबाहेर बसून काढतो. अशा मुलाला आपण खेळवले असे कागदावर दिसते, परंतु प्रत्यक्षात तो राखीव खेळाडूएवढेही शिकत नाही, कारण राखीव खेळाडूला निदान अपराधी वाटत नसते.

प्रो कबड्डीच्या २०१८ च्या हंगामात कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईने यू मुंबाकडून पदार्पणातच चढायांमध्ये दोनशेहून अधिक गुण मिळवले. त्याच्या ताकदीची चर्चा पुष्कळ झाली. मात्र त्याच संघाच्या डाव्या कोपऱ्यात कर्णधार फझल अत्राचली उभा होता, हे सांगणारे थोडे होते. त्याच हंगामात दिल्लीकडून नवीन कुमार वयाच्या अठराव्या वर्षी उतरला, तेव्हा चढायांचा भार वाटून घ्यायला मेराज शेख आणि चंद्रन रणजित हे अनुभवी खेळाडू सोबत होते. याउलट प्रदीप नरवालला २०१५ मध्ये बंगळूर संघाकडून फारशी संधी मिळाली नाही, आणि २०१७ च्या हंगामात पाटण्याकडून खेळताना त्याने चढायांमध्ये ३६९ गुणांचा विक्रम केला. म्हणजे पहिले वर्ष बाकावर गेले म्हणून खेळाडू संपत नाही.

अमेरिकेतील फुटबॉलमध्ये हाच वाद क्वार्टरबॅकविषयी, म्हणजे चेंडू हाती घेऊन तो कोणाकडे फेकायचा हे ठरवणाऱ्या खेळाडूविषयी, दर वर्षी रंगतो. तेथील उदाहरणे दोन्ही बाजूंची आहेत. पॅट्रिक माहोम्स २०१७ मध्ये ॲलेक्स स्मिथच्या मागे बसला, सुरुवातीपासून केवळ एक सामना खेळला, आणि पुढच्याच वर्षी ५० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, देऊन सर्वोत्तम खेळाडू ठरला. पेटन मॅनिंगला १९९८ मध्ये पहिल्या सामन्यापासून खेळवले. त्याचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले, संघ १६ पैकी १३ सामने हरला, तरीही त्याला काढले नाही आणि पुढच्या वर्षी त्याच संघाने १३ सामने जिंकले. आपल्या दृष्टीने बोधप्रद आहे तो डेव्हिड कार. २००२ मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या ह्यूस्टनच्या संघाने त्याला सर्व सामन्यांत उतरवले, पण त्याचे रक्षण करणारी फळी कच्ची होती. त्या एका हंगामात तो चेंडूसह ७६ वेळा पाडला गेला. प्रश्न त्याच्या हातात नव्हताच, तो त्याच्या पुढे उभ्या असलेल्यांत होता.

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू. सामने सुरू होण्यापूर्वीच्या सरावात पूर्ण सात विरुद्ध सात असे डाव लावावेत आणि एका जबाबदार मुलाला वही घेऊन बसवावे. नवखा केव्हा बाद झाला, केव्हा परत आला आणि कोणाच्या गुणाने परत आला, एवढेच लिहायचे. त्याचे गुण मोजू नयेत. ते सगळे गाव मोजत असतेच. वीस मिनिटांच्या डावात तो निम्म्याहून अधिक वेळ बाहेर राहत असेल, तर संघ अद्याप त्याला पेलण्यास तयार नाही असे समजावे. त्या स्थितीत एक तर कोपरे पक्के करावेत, नाहीतर त्याला पहिल्या सातांत घेण्याचा विचार पुढे ढकलावा.

संघ पेलू शकतो असे दिसले, की मग मुलाकडे वळावे. त्याचा वेग आणि उडी पाहून भुलू नये, कारण शालेय गटात या दोन गोष्टींवरच काम भागते. पकडला गेल्यानंतरच्या पुढच्या चढाईत तो काय करतो, हे पाहावे. काही मुले चिडून थेट त्याच कोपऱ्यावर जातात आणि घोट्यात पुन्हा अडकतात. काही जण मध्यरेषेजवळच घोटाळत राहतात आणि ‘निदान रेषा’, म्हणजे प्रत्येक चढाईत ओलांडावीच लागणारी रेषा, न ओलांडताच परत फिरून स्वतः बाद होतात. तिसऱ्या प्रकारचा मुलगा बाजू बदलतो, निदान रेषा ओलांडतो, हात धरून उभ्या बचावपटूंची साखळी कशी फिरते ते पाहतो आणि तीस सेकंदांच्या आत रिकाम्या हाताने का होईना, सुखरूप परत येतो. हा मुलगा खेळवण्याजोगा आहे. अशी रिकामी चढाई पाहून प्रेक्षक कुरकुरतात; प्रशिक्षकाने कुरकुरू नये.

आणखी एक गोष्ट मंडळे हमखास विसरतात. चढाईपटू अर्धा वेळ बचावातही उभा असतो. नवख्याला सातांत घेणे म्हणजे साखळीत एक कच्चा दुवा घेणे होय, आणि समोरचा मुरलेला चढाईपटू तो दुवा दोन चढायांत हेरतो. म्हणून त्याला कोपऱ्यात उभे करू नये. भक्कम कोपऱ्याच्या शेजारी ठेवावे आणि सुरुवातीला स्वतः पकड सुरू न करता दुसऱ्याने सुरू केलेल्या पकडीला साथ देण्यापुरतेच काम सांगावे.

शरीराचा विचार वेगळा करावा लागतो. खुल्या सामन्यांत एकाच रात्री दोन-तीन फेऱ्या होतात, मैदान बहुधा मातीचे आणि डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात कडक झालेले असते, आणि समोर ८० किलोच्या आसपासचे पुरुष उभे असतात. शरीर न भरलेल्या मुलाला तेथे पूर्ण वेळ खेळवण्यापेक्षा पहिला हंगाम वजनगटाच्या सामन्यांत काढू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडची बहुतेक मुले पोलिस भरतीची तयारी करत असतात. तेथे १६०० मीटर धावायचे असते. गुडघ्याची शीर एकदा गेली, की कबड्डी आणि भरती दोन्ही जातात. शिवाय जायबंदी मुलाच्या घरची तुरीची कापणी आणि कापसाची वेचणी मंडळाचे पदाधिकारी करायला येत नाहीत. म्हणून हंगामापूर्वी त्याच्या आईवडिलांना घरी जाऊन भेटावे आणि किती सामने, कोणत्या गावांत, रात्री परत आणण्याची सोय काय, हे स्पष्ट सांगावे. ‘काका, पोरगा आमच्यावर सोडा’ एवढ्या बोलण्याने वडिलांचे समाधान झाले असे मानू नये.

उतरवायचे ठरले, तर अर्धवट उतरवू नये. किमान पहिले चार सामने त्याला गुणांवरून काढले जाणार नाही, हे त्याला आणि कर्णधाराला आधीच सांगावे. एका बाद झालेल्या चढाईनंतर ज्याला बाकाकडे पाहावे लागते, तो पुढच्या वेळी गडी टिपायला हात लांबवत नाही. पहिली चढाई जुन्या खेळाडूला द्यावी, म्हणजे समोरचे कोपरे कसे उभे आहेत हे नवख्याला आतून दिसेल. दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी निर्णायक चढाई, म्हणजे गुण न आणल्यास चढाईपटू बाद ठरतो ती, जेथे त्या नियमाने खेळवली जाते, तेथे ती हंगामाच्या पूर्वार्धात त्याच्या माथी मारू नये. समोर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असतानाही त्याला पाठवताना विचार करावा. नवख्याला वाटते की मैदान मोकळे आहे, आणि अव्वल पकडीने प्रतिस्पर्धी एकाच फटक्यात दोन गुण नेतो.

राखीव ठेवायचे ठरले, तर त्याला पाण्याच्या बाटल्यांचा रखवालदार करू नये. बारा जणांच्या संघात पाच जण राखीव असतात आणि विश्रांतीच्या वेळी किंवा वेळ मागून घेतल्यावर बदल करता येतो, म्हणून बाकावर बसणे आणि अजिबात न खेळणे यांत बरेच अंतर आहे. लोण चढवून, म्हणजे समोरचा संपूर्ण संघ बाद करून, आघाडी घेतली असेल, तर उत्तरार्धातील शेवटची काही मिनिटे त्याची आहेत, असे ठरवून टाकावे. बाकावर असताना त्याला एकच काम द्यावे: समोरचा डावा कोपरा पकडीसाठी केव्हा आणि कोणत्या पायावर झेपावतो, ते पाहून मध्यंतरात आपल्या चढाईपटूंना सांगणे. तो सांगतो ते बरोबर निघू लागले, की त्याची वेळ जवळ आली असे समजावे. माझ्या पाहण्यात या एका खुणेने क्वचितच दगा दिला आहे.

निर्णय हंगामाच्या मध्ये फिरवण्याची दोन कारणे मला मान्य आहेत. मुख्य चढाईपटू जायबंदी झाला तर राखीव मुलाला उतरवावेच लागते, परंतु त्या दिवशी डावपेच बदलून चढाया तिघांत वाटाव्यात. दुसरे, उतरवलेला मुलगा सलग सामन्यांत चढाईला जाण्याचे टाळू लागला, कर्णधाराच्या नजरेला नजर देईनासा झाला, तर त्याला दोन सामने बसवावे आणि कारण एकांतात सांगावे. आयोजकांनी ध्वनिक्षेपकावरून त्याची चेष्टा केली किंवा बक्षिसाची रक्कम मोठी आहे, ही कारणे ग्राह्य धरू नयेत. जिल्हा निवड चाचणीची तारीख मात्र हंगामाच्या आखणीतच लिहून ठेवावी आणि तिच्या आधीचा आठवडा, मुलगा सातांत असो वा राखीव, त्याला खुल्या सामन्यांपासून मोकळा ठेवावा. चाचणीला जाताना जन्मतारखेचा दाखला आणि आधार कार्ड त्याच्या पिशवीत असल्याची खात्री मंडळाच्या सचिवाने आदल्या संध्याकाळीच करून घ्यावी.